आडबाजूचा अल्बम दुसऱ्याला ऐकायला कसा लावायचा

आपल्या कोल्हापुरात गाण्याचा नाद असणारी माणसं लई आहेत, पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बघितलं तर रोज कुणीतरी लिंक टाकतंय, खाली ‘भावांनो ऐकाच, जगात भारी’ असं लिहितंय, त्याला चार अंगठे येतात आणि खरं म्हणजे कुणीच ऐकत नाही. अल्बम वाईट असतो असं नाही. चाळीस मिनिटांची गोष्ट समोर टाकली, त्यात काय ऐकायचं, कुठनं सुरू करायचं, मीच का ऐकायचं, यातलं काहीच सांगितलं नाही, मग माणूस उघडेल तरी कशाला? म्हणून मी जे करतो ते सांगतो, जमलं तर करून बघा.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रुपला पाठवू नका, एका माणसाला पाठवा. आधी माणूस डोळ्यासमोर आणा आणि मग अल्बम निवडा, उलटं नको. तो आत्ता काय ऐकायलाय? त्याला आवाज आवडतो, ठेका आवडतो का शब्द? आडबाजूचा, म्हणजे फारसा कुणी न ऐकलेला अल्बम, हे सुद्धा माणसागणिक बदलतं बघा. देवल क्लब या आपल्या जुन्या संगीत संस्थेच्या बैठकांना जाणाऱ्या काकांना शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर सांगून काय उपयोग, त्यांना पाठ आहेत, पण गाडीत फक्त पंजाबी गाणी लावणाऱ्या पोराला तेच नाव पूर्ण नवीन असतं. त्यामुळं ‘हे कुणालाच माहीत नाही’ हे वाक्य कधीच लिहू नका, ते खोटं तरी असतं नाहीतर समोरच्याला कमी लेखणारं तरी.

एक उदाहरण घेऊ. गणपतीत मंडळाच्या डॉल्बीपुढं उभा राहणारा एखादा पोरगा आहे, त्याला बेस कळतो, ठेका कळतो, रागदारी म्हटलं की पळतो. त्याला मी चरणजित सिंग सांगतो. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा हा माणूस, त्यांनी 1982 साली रोलँड या जपानी कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक मशीन घेतल्या, ठेक्याची टीआर-808, बेसची टीबी-303 आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, आणि भैरव, ललित, तोडी, मधुवंती, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. अल्बमचं नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. तेव्हा चालला नाही, विसरला गेला, मग 2010 ला परत निघाला तेव्हा जगभरातली डीजे मंडळी चाट पडली, कारण 303 चा हाच वळवळणारा आवाज शिकागोच्या पोरांनी 1987 च्या सुमाराला ॲसिड हाऊस या नाचायच्या संगीतात गाजवला होता. आता इथं एक गोष्ट सांभाळा. नेटवर लोक सरळ लिहितात की ॲसिड हाऊस चरणजितनी शोधलं. तसं नाही, दोन्हीकडं मशीन एकच होती, एकमेकांशी संबंध काही नव्हता. फुगवून सांगितलेली शिफारस समोरच्यानं एकदा गुगल केली की उघडी पडते आणि मग तुमच्या पुढच्या शिफारशीवर तो विश्वास ठेवत नाही. खरी गोष्ट आहे तीच एवढी भारी आहे की वर मीठमसाला लागतच नाही.

मग त्या पोराला मेसेज कसा करायचा? ‘भावा, 1982 ची भारतातली इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड आहे, पहिला भैरव लाव, पाचेक मिनिटांचा आहे, मोठ्या स्पीकरवर लाव, मोबाईलवर नको, आणि खालचा बेस कसा फिरतोय तेवढं बघ.’ संपलं. कोण, कधीचं, कुठनं सुरू करायचं, कशावर ऐकायचं, कशाकडं कान द्यायचा, एवढं चार ओळीत येतं आणि बाकीचे नऊ राग तो स्वतः ऐकतो नाहीतर ऐकत नाही, आपण मागं लागायचं नाही.

कशाकडं कान द्यायचा हे सांगणं हाच सगळा गाभा आहे आणि लोक नेमकं तेच गाळतात. ‘लई भारी’, ‘काटा किर्र’, ‘विषय हार्ड’ हे सगळं आपण बोलतो आणि बोलावंच, पण त्यानं ऐकणाऱ्याला काय कळत नाही. त्याऐवजी एक जागा दाखवा. अमुक मिनिटाला तबला थांबतो आणि सरोद एकटा राहतो, तिथं ऐक. दुसऱ्या कडव्यात गायिका आवाज अगदी खाली आणते, तिथं ऐक. जागा दाखवायची म्हणजे आपण तो अल्बम नीट ऐकलेला पाहिजे, एकदा कामाच्या नादात मागं वाजला होता तेवढ्यावर शिफारस करू नये. मी तरी रंकाळ्यावर चालताना हेडफोनवर एकदा आणि घरी शांत बसून एकदा, असं दोन्ही तऱ्हेनं ऐकल्याशिवाय कुणाला पाठवत नाही.

दुसरा भाग पुलाचा. माणूस जिथं उभा आहे तिथनं अल्बमपर्यंत एक पूल टाकायचा. समजा घरातले मोठे काका नाट्यसंगीत ऐकतात, मानापमानची पदं त्यांच्या ओठावर. मानापमान 1911 चं, संगीत आपल्या गोविंदराव टेंब्यांचं, आणि टेंबे म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या गाण्यानं भारावलेला माणूस, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. झाला की पूल! आता काकांना केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्या द्या, त्या खाँसाहेबांच्याच शिष्या. 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, म्हणजे ख्यालाला कंटाळणारा माणूससुद्धा ऐकतो. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी तर 1977 ला नासानं अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. ती गेली कशी हे मला फार आवडतं, रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत-अभ्यासकानं निवडणाऱ्यांना नेमकी हीच रेकॉर्ड घ्या म्हणून सांगितलं, आणि ती बाजारात मिळेना म्हणून न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानातनं शोधून काढावी लागली. एका माणसानं नेमकं नाव घेऊन केलेली शिफारस कुठवर जाते बघा. आता ही भैरवी बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, पण तिच्यापाठोपाठ केसरबाईंच्या बाकीच्या तबकड्या किती जण लावतात? तिथनं पुढं न्यायचं.

मात्र हा सगळा इतिहास मेसेजमध्ये कोंबू नका. एक वाक्य इतिहास, दोन वाक्यं गाणं, बस्स. बाकीचं त्यानं विचारलं की सांगा, मिसळीच्या टेबलावर तासभर सांगा.

आर. डी. आणि आशाताई ऐकणाऱ्यांना पूल अजून सोपा. सिनेमाची गाणी सगळी तोंडपाठ असतात, पण 1987 चा ‘दिल पड़ोसी है’ बऱ्याच जणांनी ऐकलेलाच नसतो, कारण त्याला सिनेमाच नव्हता, नुसता अल्बम, गुलजारांचे शब्द. माणसं तीच, वाट नवी. अशा ठिकाणी मी सरळ ‘हेच तिघं, पण सिनेमाशिवाय’ एवढंच लिहितो.

आता थोडं कंटाळवाणं पण करावंच लागतं असं काम, ते म्हणजे पत्ता नीट देणं. जुने अल्बम ॲपवर फोडून टाकलेले असतात, एलपीवरची दोन गाणी ‘बेस्ट ऑफ’मध्ये, दोन तिसरीकडंच, क्रम गेला, साल चुकीचं. म्हणून कलाकाराचं पूर्ण नाव, अल्बमचं नाव, साल, आणि मिळाला तर कव्हरचा फोटो पाठवा, म्हणजे लिंक मेली तरी माणूस शोधू शकतो. युट्यूबवर रागाचं नाव चुकीचं लिहिलेलं असतं, ते जाणकाराला विचारून घ्या. आणि जुन्या तबकड्यांच्या बाबतीत स्पीड बघा, त्या सगळ्या अगदी 78 वरच रेकॉर्ड झालेल्या नसायच्या, जास्त वेगानं डिजिटल केली की पट्टी चढते आणि गाणारी बाई उगीच किरकिरी वाटते. एकाच तबकडीच्या दोन-तीन प्रती ऐकून त्यातली बरी पाठवा. शास्त्रीय असेल तर हेडफोनवर ऐकायला सांगा, मोबाईलच्या स्पीकरवर तानपुऱ्याचा खर्ज गायबच होतो.

नाही आवडलं तर? वाद घालू नका, ‘तुला कळत नाही’ तर अजिबात म्हणू नका. कुठं कंटाळा आला तेवढं विचारा. ‘सुरुवातच लई हळू आहे’ म्हणाला तर तुम्हाला पुढच्या वेळचं उत्तर मिळालं, त्याला मध्यापासनं चालू होणारं काहीतरी द्या. आणि त्यानं सांगितलेलंही ऐका, मनापासनं, पूर्ण. एकाच बाजूनं अल्बम येत राहिले की ते शिकवणीसारखं होतं.

आवडलं तर मात्र लगेच दहा लिंक टाकायच्या नाहीत. अल्बमच्या कव्हरची मागची बाजू वाचायची, साथीला कोण आहे बघायचं आणि तिथनं एकच पुढचं नाव काढायचं. रूपा या बंगाली गायिकेचा ‘डिस्को जॅझ’ हा 1982 चा अल्बम, कॅनडात रेकॉर्ड झालेला, चारच गाणी, तोही असाच विसरला गेला होता आणि 2019 ला परत निघाला. त्यात नाचायच्या ठेक्यावर सरोद वाजतोय तो आशिष खाँचा, अली अकबर खाँसाहेबांचा मुलगा. त्यातलं ‘आज शनिबार’ हे गाणं आवडलं म्हणणाऱ्याला मी पुढच्या आठवड्यात आशिष खाँचा नुसता सरोद पाठवतो, ठेक्याशिवाय, आणि लिहितो, ‘तोच हात आहे, आता आलाप ऐक.’