‘वुदरिंग हाइट्स’: आधी चौतीस प्रकरणं, मगच सिनेमा

कादंबरी वाचायची, तिच्यावरचा सिनेमा एकत्र बघायचा आणि मग बसून बोलायचं, असा गट कोल्हापुरात जमवायला आठ-दहा माणसं, एक मोठी खोली, बरासा टीव्ही आणि सात आठवडे पुरतात. कस लागतो तो क्रम सांभाळताना. इथे एमिली ब्राँटीची १८४७ ची ‘वुदरिंग हाइट्स’ आणि विल्यम वायलरनं १९३९ साली केलेला त्याच नावाचा हॉलिवूडचा सिनेमा ही जोडी घेतली आहे. प्रेमकथा म्हणून दोन्ही गाजल्या, पण सिनेमा कादंबरीच्या निम्म्यावरच संपतो. चौतीस प्रकरणांपैकी पहिली सोळाच त्यात आहेत, पुढची पिढी पडद्यावर येतच नाही. म्हणून एक नियम सुरुवातीलाच ठरवून टाका: चौतीसावं प्रकरण वाचून झाल्याशिवाय सिनेमा लावायचा नाही.

नायिका कॅथरीन हिच्या मृत्यूशी येऊन पोचलं की ‘आता सिनेमा बघूया का?’ असं कुणीतरी विचारतंच. तिथे हो म्हटलं की गट फुटला म्हणून समजा. पडद्यावर गोष्ट पुरी झालेली दिसते, नायक हीथक्लिफ झालेल्या लॉरेन्स ऑलिव्हिएचा चेहरा डोक्यात पक्का बसतो आणि उरलेली अठरा प्रकरणं शेपटासारखी वाटायला लागतात. खरं तर हीथक्लिफ किती खोलवर सूड घेतो आणि तो सूड शेवटी का गळून पडतो, हे त्याच अठरा प्रकरणांत आहे.

प्रत कोणती घ्यायची

इंग्रजी कादंबरी कधीच हक्कमुक्त झाली आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर पूर्ण मजकूर फुकट मिळतो आणि छापील प्रती जुन्या बाजारातही सापडतात. आधी शहरातल्या वाचनालयांत चौकशी करा. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं आहे. मात्र प्रत हातात आली की तीन गोष्टी बघा. सुरुवात १८०१ या सालानं होते का? गोष्ट सांगणारा लॉकवुड नावाचा भाडेकरू आहे का? प्रकरणं चौतीस आहेत का? यातलं एक जरी जुळलं नाही तर ती संक्षिप्त आवृत्ती आहे, शाळकरी मुलांसाठी केलेली. मराठी अनुवाद घेतला तरी हीच परीक्षा लावा.

आकड्यांचा आणखी एक घोळ होतो. पहिल्या छपाईत ही कादंबरी दोन खंडांत होती, पहिल्यात १४ प्रकरणं आणि दुसऱ्यात २०. काही चांगल्या आवृत्त्या आजही तोच हिशेब ठेवतात. मग एकाच्या पुस्तकातलं ‘खंड दोन, प्रकरण एक’ म्हणजे दुसऱ्याच्या पुस्तकातलं पंधरावं. बैठकीआधी दोन्ही आकडे पाठवा, नाहीतर निम्मे लोक चुकीचं प्रकरण वाचून येतात. शिवाय १८५० मध्ये एमिलीच्या मृत्यूनंतर तिची बहीण शार्लट हिनं नवी आवृत्ती काढली. तीत परिच्छेद बदलले आणि जोसेफ या नोकराची इंग्लंडमधली यॉर्कशायरी बोली थोडी सोपी केली. दोन प्रतींत जोसेफचं बोलणं वेगळं दिसलं तर घाबरू नका.

या जोसेफपाशी पुष्कळ वाचक पुस्तक मिटतात. त्याचं बोलणं डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं वाचा. कानाला निम्मं कळतं, आणि उरलेलं नाही कळलं तरी पुढं चला. तो बहुतेक वेळा कुणाला तरी पापी ठरवत असतो, तेवढं ध्यानात ठेवलं की भागतं.

पहिल्या बैठकीत कागद आणि पेन

एक मोठा कागद भिंतीला लावा. डावीकडे वुदरिंग हाइट्स या घरातले अर्नशॉ, उजवीकडे थ्रशक्रॉस ग्रेंज या घरातले लिंटन, मध्ये चार मैलांचं अंतर. हीथक्लिफ दोन्हींच्या मध्ये लिहा, कारण त्याला आडनावच नाही. वर्षंही टाका: १७७१ मध्ये म्हातारा अर्नशॉ त्याला लिव्हरपूलहून आणतो, १७८० मध्ये तो पळून जातो, १७८३ च्या सप्टेंबरात पैसेवाला होऊन परततो, २० मार्च १७८४ ला कॅथरीन मुलीला जन्म देऊन मरते, १८०२ मध्ये तो स्वतः मरतो. ही सालं कादंबरीत ओळीनं दिलेली नाहीत, वय आणि ऋतू यांवरून काढावी लागतात. सी. पी. सँगर या कायदेतज्ज्ञानं १९२६ मध्ये हे गणित मांडून दाखवलं आणि वारसाहक्काचा कायदाही लेखिकेनं किती अचूक वापरलाय तेही सांगितलं.

वारसाहक्काचा भाग टाळू नका. कॅथरीनचा भाऊ हिंडली जुगारात बुडतो, जमीन हीथक्लिफकडे गहाण पडते आणि हिंडली मेल्यावर घर सावकाराच्या घशात जातं. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. ग्रेंज मात्र हीथक्लिफ लग्न लावून मिळवतो, आधी स्वतःचं आणि मग आपल्या मरणाला टेकलेल्या मुलाचं. हे दुसरं लग्न सिनेमात नाही, म्हणून तिथला हीथक्लिफ दुखावलेला प्रियकर वाटतो. पुस्तकातला त्याच्या जोडीला थंड डोक्याचा हिशेबीही आहे.

त्याच कागदाच्या कोपऱ्यात तिसऱ्या प्रकरणातली तीन नावं लिहा. लॉकवुड ज्या पलंगात रात्र काढतो, तिथल्या खिडकीच्या फळीवर ती कोरलेली असतात: कॅथरीन अर्नशॉ, कॅथरीन हीथक्लिफ, कॅथरीन लिंटन. पहिल्या दिवशी काहीच सांगू नका. सहाव्या बैठकीत विचारा, ही नावं उलट्या बाजूनं वाचली तर कोण दिसतं? आई अर्नशॉ म्हणून जन्मली, मनानं हीथक्लिफची झाली आणि लिंटन होऊन मेली. मुलगी लिंटन म्हणून जन्मते, जबरदस्तीच्या लग्नानं हीथक्लिफ होते आणि हिंडलीचा मुलगा हेअरटन याच्याशी लग्न करून अर्नशॉ व्हायला निघते. सगळ्या कादंबरीचा आराखडा त्या फळीवर आहे.

दोघींचं नाव एकच, म्हणून गोंधळ ठरलेला. आईला नेहमी ‘कॅथरीन’ म्हणा, मुलीला ‘कॅथी’. कॅथरीनचा नवरा एडगर लिंटन नेमकं हेच करतो: बायकोचं नाव त्यानं कधी लहान केलं नाही, कारण तसं हीथक्लिफ करायचा. सिनेमात आईलाच कॅथी म्हणतात, ते सातव्या आठवड्यात आठवणीनं सांगा.

वाटणी

पहिली बैठक १ ते ३, दुसरी ४ ते ९, तिसरी १० ते १४, चौथी फक्त १५ ते १७, पाचवी १८ ते २६, सहावी २७ ते ३४, सातवीला सिनेमा. चौथीला तीनच प्रकरणं आहेत म्हणून आणखी दोन जोडायचा मोह आवरा. शेवटची भेट, मृत्यू आणि हीथक्लिफची बायको इझाबेला हिचं बर्फातून पळणं या तिन्हींना दोन तास कमी पडतात. पाचवीची नऊ प्रकरणं मात्र भराभर वाचून होतात.

सुरुवात जूनच्या पहिल्या आठवड्यात करा, म्हणजे सिनेमा जुलैच्या मध्यात येतो. त्यानंतर पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की नदीकडच्या भागातल्या सभासदांना येता येत नाही. ते जमणार नसेल तर सरळ अनंत चतुर्दशीनंतर सुरू करा. पावसात वाचायचा फायदा वेगळाच आहे: जुलैत मसाई पठारावर वाऱ्यात उभं राहिलेल्याला यॉर्कशायरचा उघडा माळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न ठरलेला ठेवा: हे आपल्याला कोण सांगतंय? लॉकवुड लिहितो, पण त्याला सांगते नेली डीन, घरची मोलकरीण. ती सगळ्यांना लहानपणापासून ओळखते, काही गोष्टी लपवते आणि कुणाची बाजू घ्यायची ते स्वतः ठरवते. नवव्या प्रकरणात थांबाच. हीथक्लिफशी लग्न केलं तर आपली पायरी उतरेल, असं कॅथरीन म्हणते. बाकाआड बसलेला हीथक्लिफ तेवढंच ऐकून उठून जातो. ‘मीच हीथक्लिफ आहे’ हे ती त्यानंतर म्हणते. तो उठताना नेलीला दिसतो, कॅथरीनला बाकाच्या पाठीमुळे दिसत नाही, आणि नेली तिला गप्प करते खरी, पण तो ऐकून गेला हे लगेच सांगत नाही. तीन वर्षांचा वनवास आणि पुढचा सगळा नाश या गप्प राहण्यातून निघतो. नेलीचा दोष किती, यावर अर्धा तास सहज जातो, जाऊ द्या.

आठव्या प्रकरणातलं कॅलेंडरही विसरू नका. कॅथरीननं लिंटनांबरोबर घालवलेल्या संध्याकाळी हीथक्लिफ फुल्या मारतो, त्याच्याबरोबरच्या संध्याकाळी टिंबं देतो आणि कागद तिच्यापुढे धरतो. ऐन वयातल्या मुलाचा हा हिशेब आहे. कॅथरीन मरते तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची असते. पडद्यावरचे ऑलिव्हिए आणि मर्ल ओबेरॉन दोघंही तिशीच्या आसपासचे आहेत, त्यामुळे पोरवयाचा आततायीपणा जाऊन मोठ्यांची शोकांतिका उरते.

सिनेमाची संध्याकाळ

सिनेमा पावणेदोन तासांचा आहे. चहा आधी उरका, मध्यंतर नको. टीव्हीची मांडणी आदल्या दिवशीच बघून ठेवा. चित्र जुन्या, जवळजवळ चौकोनी मापाचं आहे. ते पूर्ण पडद्यावर ताणलं की माणसं बुटकी आणि जाड दिसतात, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. रंग भडक करणारी आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ग्रेग टोलंडला या सिनेमाच्या कृष्णधवल छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं. जवळचा चेहरा आणि मागचं दार दोन्ही स्पष्ट दिसतील अशी त्याची मांडणी असते, आणि अर्धा प्रसंग अंधारात असतो. खोलीत ट्यूब चालू असेल तर तो अंधार नुसता राखाडी दिसतो.

पत्र्याचं छप्पर असलेली जागा पावसाळ्यात घेऊ नका, जुन्या ध्वनिपट्टीतलं एक वाक्य ऐकू येणार नाही. वेगळा स्पीकर जोडा आणि इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवा. इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो का, तेही आधी तपासा. हॉल घेऊन, जाहिरात करून दाखवायचं असेल तर हक्क आणि सेन्सॉर प्रमाणपत्र या दोन्हींची चौकशी आधी करावी लागते. घरात मोजक्या सभासदांपुरतं ठेवलेलं बरं.

लावण्याआधी एवढंच सांगा: काळ पुढं सरकवून पोशाख एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे केलेत, माळ कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांवर उभारलाय, आणि कॅथरीन झालेली मर्ल ओबेरॉन १९११ साली मुंबईत जन्मलेली आहे. हॉलिवूडमध्ये तिनं हा जन्म आयुष्यभर लपवला, टास्मानिया सांगितला. कादंबरीत हीथक्लिफच्या काळसर रंगावरून किती बोललं जातं ते वाचून आलेल्या गटाला ही गोष्ट चांगलीच लागते.

एकदा सलग बघा, कुणी थांबवायचं नाही. मग तीन प्रसंग पुन्हा लावा. पहिला स्वयंपाकघरातला कबुलीचा: नेली कुठे उभी आहे आणि तिला काय माहीत आहे, एवढंच बघा. दुसरा मृत्यूचा: पुस्तकात कॅथरीन त्याच्या मिठीत बेशुद्ध होते, रात्री मूल होतं, दोन तासांनी ती जाते आणि हीथक्लिफला ते बाहेर बागेत कळतं. सिनेमात ती त्याच्या हातात, खिडकीतून माळ बघत जाते, आणि मूलच नाही. मूल नाही म्हणून दुसरी पिढी नाही, आणि दुसरी पिढी नाही म्हणून सूडाचा शेवटही दाखवायची गरज उरत नाही. एवढा एक बदल केला की बाकीचं आपोआप गळतं.

तिसरा शेवटचा. दोघं माळावरून चालत जाताना दिसतात तो तुकडा निर्माता सॅम्युअल गोल्डविननं हट्टानं घातला. वायलरला तो नको होता, त्यानं चित्रित करायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्याकडून, बदली नट उभे करून तो घेतला. १९२९ साली ज्या गावात प्रभात कंपनी निघाली, तिथल्या जुन्याजाणत्यांना निर्माता आणि दिग्दर्शक यांची अशी ओढाताण नवी नाही. गटात स्टुडिओत काम केलेलं कुणी असेल तर बदली नटांचा तुकडा कसा जोडतात ते त्यांनाच विचारा.

यानंतर पुस्तक उघडून चौतीसाव्या प्रकरणातला मेंढ्या राखणारा पोरगा वाचा. हीथक्लिफ आणि एक बाई समोर उभी आहेत म्हणून तो रडतो, मेंढ्या पुढं जात नाहीत. नेली म्हणते, पोरानं आईबापांकडून ऐकलेलं मनात घोळवलं असेल. तरी अंधारात बाहेर पडायला तिलाही आवडत नाही. पुस्तकात जी गावातली बोलवा आहे, ती गोल्डविननं डोळ्यांदेखत दाखवली. त्यानं गोष्ट सोपी झाली की गोड झाली, हे प्रत्येकाला एकेका वाक्यात सांगायला लावा आणि नेलीच्या जागी आता कॅमेरा आहे हे त्या बोलण्यात येतं का ते ऐका. नाही आलं तर नववं प्रकरण आणि स्वयंपाकघराचा प्रसंग पुढच्या आठवड्यात पुन्हा शेजारी शेजारी ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.