मे महिना, पॉलीहाऊसचे पडदे आणि ती एक किल्ली

कमवा-शिकावाली, एनएसएसची, बॉटनीची, जी कुणी पोरंपोरी कॉलेजची बाग आणि पॉलीहाऊस (रोपांसाठी प्लास्टिकच्या कागदाचं घर) सांभाळतात त्यांच्यासाठी लिहितोय, खास करून विदर्भ-मराठवाड्यातल्या, कारण अकोला, चंद्रपूर, परभणीकडे मे मध्ये ४३-४४ अंश म्हणजे रोजचंच झालंय. पाणी कमी पडून मेलेली रोपं मी बघितलीत, पण त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त बघितलीत ती बंद पॉलीहाऊसमध्ये उकडून मेलेली. आणि दरवेळी गोष्ट तीच असते.

संध्याकाळी पाच-साडेपाचला आभाळ भरून येतं, वारं सुटतं, पोरं धावत जाऊन दोन्ही बाजूचे पडदे खाली करतात. हे बरोबरच आहे, वारं आत शिरलं तर वरचा कागद फुगून फाटतो. रात्री चार थेंब पडतात, सगळे झोपतात. दुसऱ्या दिवशी रविवार किंवा पेपर, नाहीतर परीक्षा संपून पोरं गावाला गेलेली, आणि किल्ली कुणाकडे तर ऑफिसच्या क्लार्ककडे, क्लार्क लग्नाला. सूर्य पावणेसहाला उगवतो, त्याला रविवार नसतो. बाहेर ४० असेल तर बंद पॉलीहाऊसमध्ये ५० सहज ओलांडतं. दुपारी कुणालातरी आठवतं, पडदे वर होतात, तोपर्यंत मिरची-वांग्याच्या रोपांच्या माना पडलेल्या असतात आणि टोमॅटो-ढोबळीला फुलं असतील तर तीही गेली, कारण दिवसाचं तापमान ३५ च्या वर टिकलं की फळधारणा तशीही होत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा: पडदे सकाळी ७ च्या आत वर, मग रात्री पाऊस झालेला असो नसो, सुट्टी असो नसो. किल्ल्या दोन बनवा, एक वॉचमनकडे, एक होस्टेलवर सुट्टीत जो खरंच राहणार आहे त्याच्याकडे. आठवड्याची पाळी कागदावर लिहून पॉलीहाऊसच्या दारावरच लावा, आणि त्यात रविवारच्या पुढे एक नाव पाहिजेच. "कुणीतरी बघेल" असं ग्रुपवर टाकू नका, तो कुणीतरी आजपर्यंत आलेला नाही.

रात्री पडदे बंद असले की आत दमट होतं हे पण लक्षात घ्या. ट्रे मधली रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात ती याच्यामुळेच, भरीला संध्याकाळचं पाणी. पाणी सकाळीच द्या. ही मर, म्हणजे बुडाशी बुरशी लागून रोप मरणं, दिसायला लागली तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात, बुडाशी आळवणी, म्हणजे मुळाशी ओतायचं. आणि पहिला इलाज परत तोच, पडदे उघडा, हवा खेळू द्या.

पडदे वर असूनही आत भट्टी वाटत असेल तर बाजूच्या जाळीला हात लावून बघा. इन्सेक्ट नेटची, म्हणजे कीड आत येऊ न देणाऱ्या या जाळीची, भोकं बारीक असतात, उन्हाळाभर धूळ बसून ती पार बुजतात, मग पडदा उघडा काय आणि बंद काय. पाईप लावून आतून बाहेर धुवून काढा. फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारे नोझल, पण जाळी मोकळी असेल तरच चालवा, थोडा थोडा वेळ. सगळं बंद ठेवून फॉगर लावणं म्हणजे कुकरला शिट्टी लावून गॅस मोठा करणं.

आता ट्रेचं. वरून पाणी मारलं, खालून टपटपलं, पोरगा म्हणतो झालं. एक रोप कोकोपीटसकट (ट्रेमध्ये भरलेला नारळाचा भुसा) ओढून काढा आणि बोटाने फोडा. कोकोपीट एकदा कडक वाळलं की आकसतं, कप्प्याच्या भिंतीपासून सुटतं, पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळाचा गोळा आत कोरडाच राहतो. असे ट्रे पाण्याच्या टबमध्ये बुडापासून दहा मिनिटं ठेवा, खालून पाणी चढू द्या. आणि दुपारी पाईपने पाणी द्यायची वेळ आलीच तर काळ्या पाईपमधलं पहिलं पाणी बाहेर सोडून द्या, हाताला चटका बसतो ते रोपाला काय करेल.

रोपं मलूल दिसली की दुकानदार बाटली काढतो. अँटी-स्ट्रेस, सीवीड, ह्युमिक, कुठलं तरी जेल, लेबलवर हिरवंगार झाड. कॉलेजचं बिल आहे म्हटल्यावर तर दोन बाटल्या जास्त. उकडलेल्या रोपाला बाटली उपयोगाची नाही. बागेत ताण दिसत असेल तर पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:०:४५, १०० ग्रॅम १० लिटर पाण्यात, संध्याकाळी ऊन उतरल्यावर एक फवारणी, एवढी शिफारस पुरे आहे आणि खर्च किरकोळ. भर उन्हाळ्यात युरियाची पोती उघडू नका.

लाल कोळी या दिवसांत येणारच. पानावर बारीक पांढरट ठिपके दिसले की पान पांढऱ्या कागदावर झटका, कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी. माझा अनुभव असा की सुरुवात पश्चिमेच्या पडद्याजवळच्या ओळीत नाहीतर दाराजवळ होते, जिथे धूळ आणि कोरडं असतं, कुठे लिहिलेलं नाही पण मी आधी तिथेच बघतो. सुरुवातीलाच पानाच्या खालच्या बाजूने नुसत्या पाण्याचा जोरात फवारा दिला तरी बरंच काम होतं. नंतर ५ टक्के निंबोळी अर्क, किंवा अझाडिरॅक्टिन १०,००० पीपीएम २ ते ३ मिली प्रति लिटर, संध्याकाळीच. गंधक कोळ्यावर चालतं पण या उन्हात मारू नका, पानं भाजतात, काकडीवर्गीय पिकांची तर हमखास. कीड मारणाऱ्या जैविक बुरशीची पुडी देऊ करतात ती पण आत्ता नको, तिला ओलावा लागतो, ती पावसाळ्यात घ्या.

बाकी बागेची कामं:
- ठिबकचा डिस्क फिल्टर एक दिवसाआड धुणे
- लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्यांची, टोकं आठवड्याला उघडून गाळ काढणे
- लॉन २ इंचापेक्षा खाली न कापणे
- नवीन झाडांना आळं, त्यात ३-४ इंच पालापाचोळा, खोडापासून थोडा लांब. झाडलेला पाला जाळायचा नाही, तोच वापरायचा
- बोगनवेलीला पाणी कमीच, नाहीतर नुसती पानं येतात
- गुलमोहराच्या वाळक्या, चिरलेल्या फांद्या वादळाच्या आधी उतरवणे, खाली गाड्या लागतात
- मे अखेर खोडांना बोर्डो पेस्ट: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी नको

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव असतो, तेव्हा कडुलिंब, करंज, चिंचेच्या पिशव्या सगळ्यांना पाहिजे असतात, फोटोसाठी तर रांग लागते. ती रोपं जगायची की नाही ते आत्ता, नवतप्याच्या त्या नऊ दिवसांत ठरतं, २५ मे च्या आसपास सुरू होतात ते. या पिशव्या पॉलीहाऊसमध्ये कोंबू नका, जागा आहे म्हणून ठेवतात बरेच जण. शेडनेटखाली नाहीतर सरळ मोठ्या झाडाच्या सावलीत ठेवा, वाढीव पाणी लागलं तरी चालेल.

स्वतःचं पण बघा. ११ ते ४ पॉलीहाऊसच्या आत काम नाही, सरांनी सांगितलं तरी नाही. पाण्याची बाटली, डोक्याला ओला रुमाल, आणि फवारणी एकट्याने करायची नाही. मोबाईलवर दामिनी ॲप घेऊन ठेवा, विजेचा इशारा देतं. गडगडाट जवळ आला असेल तर पडद्याचं हँडल फिरवत उभं राहू नका, सगळा सांगाडा लोखंडी आहे, सोडून इमारतीत जा, कागद फाटला तर फाटला. त्यापेक्षा आभाळ पश्चिमेला काळं दिसायला लागलं तेव्हाच पडदे खाली करा. आणि खाली करणाऱ्यानेच तिथे उभं राहून उद्या सकाळी वर कोण करणार त्याला फोन लावायचा, मेसेज नाही, फोन, आणि किल्ली त्याच्याकडे आहे का ते विचारायचं.