साठीनंतर केस विरळ होताना: कुठून सुरुवात करावी, काय टाळावं

केस गळायला लागले की आपल्याकडे पहिली धाव तेलाकडे. कुणी जास्वंदीचं तेल सांगतं, कुणी कांद्याचा रस, कुणी जाहिरातीतली महागडी बाटली. प्रयोग करता करता वर्ष निघून जातं आणि तोवर भांग बोटभर रुंद झालेला असतो. म्हणून माझा आग्रह असा आहे की उपायाच्या मागे लागण्याआधी आपले केस नेमके कोणत्या प्रकारे जात आहेत ते ओळखा. मुख्य प्रकार चार-पाचच आहेत, पण प्रत्येकाचा उपचार वेगळा. त्यातल्या काहींत तर उशीर झाला की गेलेले केस परत येतच नाहीत.

पायरी १: उजेडात बसून नीट पाहा

सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, कोरड्या केसांचा मधोमध भांग पाडा. घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा: माथ्याचा वरून एक, दोन्ही कानशिलांचे दोन, कपाळाच्या कडेचा एक. दर तीन महिन्यांनी त्याच जागी, तशाच उजेडात पुन्हा काढा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही, नुसता जीव घाबरा होतो.

दुसरी खूण रबरबँडची. पूर्वी ज्याचे दोन वेढे बसायचे त्याचे आता चार बसत असतील, तर केसांचा घेर कमी झालाय हे नक्की. मोरीच्या जाळीतले केस मोजत बसण्यापेक्षा ही खूण जास्त खरी. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नैसर्गिकच आहे. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. तुम्ही आठवड्यातून एकदाच नहात असाल, तर आठवडाभराचे केस एकदम हातात येतात आणि पुंजका पाहून धडकी भरते.

पायरी २: प्रकार ओळखा

*भांग हळूहळू रुंदावतोय, पण कपाळावरची केसांची रेषा जागेवर आहे.* पाळी गेल्यानंतरच्या वयात सर्वाधिक दिसणारा प्रकार हाच. केस एकदम जात नाहीत. दर खेपेला नवा येणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो, आणि माथ्याची कातडी दिसू लागते. हा वारसा आईकडूनही येतो, वडिलांकडूनही. याला औषध आहे, पण ते जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं, कारण असलेले केस राखणं हे गेलेले आणण्यापेक्षा सोपं असतं.

*अचानक मूठमूठ केस येतायत, सगळ्या डोक्यावरून.* कॅलेंडर घ्या आणि दोन-तीन महिने मागे जा. डेंग्यू, टायफॉइड, कोविड झाला होता का? गुडघ्याचं किंवा दुसरं मोठं ऑपरेशन? वजन झपाट्यानं उतरलं का? घरात कुणी गेलं का? अशा धक्क्यानंतर बरेचसे केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मूळ कारण संपलं असेल तर ही गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि केस पुन्हा येतात. घाबरण्यासारखं सर्वांत कमी याच प्रकारात आहे, आणि बाया सर्वांत जास्त घाबरतात त्याही यालाच.

*नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडलाय.* ही चाई. कीड लागली असं आपल्याकडे म्हणतात, पण त्यात कीड वगैरे काही नसतं. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. त्यावर लसूण घासून कातडी भाजून घेऊ नका. डॉक्टर चट्ट्यावर औषध लावायला देतात किंवा तिथेच बारीक इंजेक्शनं देतात.

*कानशिलांवरचे केस विरळ झालेत आणि वर्षानुवर्षं घट्ट अंबाडा घालायची सवय आहे.* हे ओढीनं जातात. अंबाडा सैल आणि मानेजवळ घाला, आकडे रोज त्याच जागी खुपसू नका. लवकर सवय बदलली तर केस परत येतात, फार वर्षं ओढ बसली असेल तर येत नाहीत.

*कपाळाची रेषाच मागे सरकतेय, भुवयाही विरळ झाल्यात.* इथे थांबू नका. मागे सरकलेल्या पट्ट्यातली कातडी गुळगुळीत, फिकट दिसते, कधी केसांच्या मुळाशी लाली असते, खाज किंवा आग होते. हा आजार मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांना होतो आणि १९९४ मध्ये तो पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला. यात केसांची मुळंच मरतात आणि त्या जागी व्रण राहतो. तेल, औषधी लेप, पार्लरची ट्रीटमेंट, कशातही वेळ न घालवता त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठा. डोक्यावर कुठेही पू, खपल्या किंवा दुखरेपणा असेल तरी हेच करा.

पायरी ३: डॉक्टरांकडे जाताना पिशवी घेऊन जा

सरकारी रुग्णालयात या विभागावर ‘त्वचा व गुप्तरोग’ अशी पाटी असते आणि ती वाचून कितीतरी बायका दारातूनच माघारी फिरतात. फिरू नका. केस हे त्याच डॉक्टरांचं काम आहे.

चालू असलेली सगळी औषधं पिशवीत भरून न्या, आयुर्वेदिक आणि टॉनिकसुद्धा. रक्त पातळ करणारी काही औषधं, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, फिट्सवरची किंवा मानसिक आजारावरची काही औषधं यांनी केस गळू शकतात. पण केसांसाठी म्हणून यातली एकही गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांना बदल सुचवता येतो.

रक्ताच्या तपासण्यांत साधारणपणे हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व सांगतात. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा रिता असू शकतो, म्हणून दोन्ही पाहायचे. पाळी बंद होऊन वर्षं झाली आणि तरी लोह कमी निघालं, तर नुसत्या गोळ्या घेऊन गप्प बसू नका. रक्त कुठून जातंय हे शोधायलाच हवं: मूळव्याध, सांधेदुखीच्या गोळ्यांमुळे पोटात झालेला अल्सर, आतड्याचा काही आजार. केसांच्या निमित्तानं एखादा मोठा आजार वेळेवर सापडू शकतो.

केसांच्या गोळ्या बहुधा बायोटिनच्या, म्हणजे बी गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या असतात. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून रक्त देण्याआधी ती किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचारा आणि लॅबमध्येही सांगा. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते, त्यामुळे त्यावर पैसे घालायची बहुतेकींना गरजही नाही.

कधी कधी डॉक्टर न पाहताच म्हणतात, “आजी, या वयात होणारच.” त्यावर शांतपणे म्हणा, “वय झालंय ते मला कळतं, डॉक्टर. पण प्रकार कोणता आहे ते एकदा भांग पाडून बघा.” हा तुमचा हक्क आहे.

पायरी ४: मिनॉक्सिडिल दिलं तर ते नीट लावा

रुंदावणाऱ्या भांगासाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध हेच. ते मुळात ब्लडप्रेशरसाठी आलं आणि रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा त्याचा हा गुण कळला. बायकांना २ टक्क्यांचं द्रव दिवसातून दोनदा किंवा ५ टक्क्यांचा फेस दिवसातून एकदा देतात. बहुतेक जणी ते केसांना चोपडतात आणि वाया घालवतात.

लावायची रीत अशी: डोकं पूर्ण कोरडं हवं. मधला भांग पाडा आणि ड्रॉपरनं थेंब थेंब कातडीवर सोडा. मग बोटभर बाजूला दुसरा भांग पाडा, तिथे सोडा. असे चार-पाच भांग पाडून एका वेळचं १ मिली संपवा. बोटांच्या टोकांनी हलकं पसरवा, चोळू नका. हात साबणानं धुवा. झोपायच्या निदान दोन तास आधी लावा, नाहीतर ते उशीला लागतं, उशीवरून गालाला, आणि गालावर लव वाढते. घरात मांजर असेल तर विशेष जपा. मांजरीला हे औषध विषासारखं आहे. बाटली, कापूस, उशीचा अभ्रा काहीही तिला चाटू देऊ नका.

पहिल्या दोन महिन्यांत केस जास्तच गळू शकतात. औषध बाधलं म्हणून बाया इथेच सोडून देतात. जुने केस पडून नवे येण्याची ती तयारी असते, म्हणून चालू ठेवा. फरक कळायला सहा महिने लागतात. आणि एक गोष्ट आधीच माहीत असावी: औषध बंद केलं की काही महिन्यांत मिळालेला फायदा जातो. रोज लावणं आपल्याला झेपेल का, याचा विचार करूनच सुरू करा. खाज, लाली आली तर डॉक्टरांना सांगा, औषधाचा प्रकार बदलून मिळतो.

हेच औषध कमी मात्रेच्या गोळीतूनही देतात. त्यानं पायांवर सूज येऊ शकते, छातीत धडधडू शकतं. हृदयविकार असेल तर आपण होऊन, कुणाच्या सांगण्यावरून ही गोळी कधीही घेऊ नका.

पायरी ५: ताटाकडे बघा

एकट्या राहणाऱ्या कितीतरी जणींचं जेवण पाहिलं की वाईट वाटतं. सकाळी चहा-पोळी, दुपारी भात-आमटी, रात्री “माझ्या एकटीसाठी काय करायचं” म्हणून दूध-पोहे. त्यात चतुर्थी, एकादशी, नवरात्र. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच, आणि केस तर प्रथिनांचाच बनलेला असतो. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम. उपास करायचाच असेल तर शेंगदाण्याची आमटी, दही, दूध, राजगिरा घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

लोहासाठी अळीव, पालेभाज्या, कडधान्यं आणि वर पिळलेलं लिंबू. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी आणि लोहाची किंवा कॅल्शियमची त्यानंतर चार तासांनी. या गोळ्या एकत्र घेतल्या तर एकमेकींचा परिणाम मारतात.

पायरी ६: तेल, फणी, रंग

खोबरेल तेलाला मी नावं ठेवणार नाही. नहाण्याआधी तास-दोन तास लावलं तर ते केसाच्या आत शिरतं, केस कमी तुटतो. पण त्यानं नवा केस उगवत नाही. डोक्यात कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवल्यानं तो वाढतो, तिथे डॉक्टरांनी दिलेला शांपूच हवा.

नहाल्यावर केस पंच्यानं झटकायची आपली जुनी सवय सोडा. ओला केस सर्वांत जास्त तुटतो. पंचा नुसता गुंडाळा, पाणी टिपू द्या, मग रुंद दातांच्या फणीनं आधी टोकं आणि मग वर अशी गुंता सोडवत जा.

‘काळी मेंदी’ म्हणून जे विकतात त्यात बहुधा रंगाचं तेच रसायन असतं जे डायमध्ये असतं, आणि त्यानं कपाळ, पापण्या सुजलेल्या बायका त्वचारोग विभागात नेहमी दिसतात. कुठलाही रंग आधी कानामागे थोडा लावून ४८ तास थांबा.

पायरी ७: उपचार चालू असताना चारचौघांत वावरायचं आहेच

हळदीकुंकवात, लग्नात कुणीतरी म्हणतंच, “अगं, किती केस गेले तुझे!” आपल्या समाजात बाईचे केस हा तिच्या सौभाग्याचा विषय होता, विधवेचं केशवपन होत होतं. १८९० च्या सुमारास मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला, तेव्हा कुठे त्या प्रथेला धक्का बसला. एवढा जुना भार असलेली गोष्ट हातातून सुटताना रडू येणं साहजिक आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उत्तर एवढंच द्या: “हो, उपचार चालू आहेत,” आणि विषय बदला.

पन्नास वर्षं एकाच जागी पाडलेला भांग थोडा बाजूला घ्या, किंवा नागमोडी पाडा, लगेच फरक दिसतो. केस खांद्यापर्यंत कापले तर दाट दिसतात, मुळांवरचं वजनही कमी होतं. भांगात भुरभुरायची केसांच्या रंगाची बारीक तंतूंची पावडर मिळते, ती धुतली की जाते. उन्हात पदर किंवा रुमाल घ्या, उघड्या पडलेल्या माथ्याची कातडी भाजते.

गंगावनाच्या बाबतीत सांभाळून. त्याचं सगळं वजन उरलेल्या केसांवर लटकतं, म्हणून ते कार्यापुरतं, तासाभरासाठीच. माथा झाकायचा असेल तर क्लिपांचा टॉपर, म्हणजे फक्त माथ्यावर बसणारा केसांचा छोटा टोप, बरा. विकत घ्यायला दिवसाउजेडी जा, दुकानाच्या दिव्याखाली रंगाचा अंदाज चुकतो. पांढऱ्या केसांचं प्रमाण आपल्या केसांशी जुळतं का ते बघा, कारण एकदम काळाभोर टॉपर पटकन ओळखू येतो. क्लिपा जिथे केस मजबूत आहेत तिथेच लावा, रोज जागा थोडी बदला, आणि रात्री काढूनच झोपा.