मोफत निसर्ग महोत्सव कसा भरवावा

प्रवेश विनामूल्य असला की माणसे येतात. पण आलेल्या मुलाला नुसते फलक वाचावे लागले, तर ते अर्ध्या तासात कंटाळते. म्हणून कार्यक्रम आधी आखून मग त्याला जागा शोधण्यापेक्षा जागेवर जे जिवंत आहे त्यातूनच कार्यक्रम आखावा. महोत्सवाच्या काही आठवडे आधी, दिवसाच्या त्याच वेळेला, जाणकार व्यक्तीबरोबर ती जागा पायी फिरावी आणि तळे, जुनी झाडे, गवताळ पट्टा, कुजणारे ओंडके यांची नोंद करावी. कोठे घरटी आहेत आणि कोठे मधमाश्यांचे पोळे आहे, हेही याच फेरीत टिपावे, कारण गर्दीची वाट तेथून दूर न्यावी लागते. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्यावी.

उपक्रम तीन-चारच ठेवावेत. पाणवठा असेल तर पहिला मान त्याला द्यावा. जाळीने काढलेले जीव पाण्याने भरलेल्या पसरट पांढऱ्या तबकात सोडले की लहान मुलालाही ते स्पष्ट दिसतात. चतुर या कीटकाचे पिल्लू पंख फुटण्याआधी पाण्यातच वाढते आणि खालचा ओठ झटकन पुढे फेकून भक्ष्य पकडते, हे समोर दिसल्यावर वेगळे व्याख्यान लागत नाही. तबक मात्र सावलीत ठेवावे, कारण पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. जीव थोड्याच वेळात मूळ पाण्यात परत सोडावेत. अंगाला डासांचे मलम लावलेले हात पाण्यात घालू देऊ नयेत. एका तळ्यातली जाळी पूर्ण धुऊन वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात वापरू नये, कारण बेडकांचे बुरशीजन्य रोग ओल्या साहित्यातून पसरू शकतात.

महोत्सव संध्याकाळपर्यंत चालणार असेल, तर पांढरी चादर ताणून तिच्यावर दिव्याचा प्रकाश सोडावा आणि त्याकडे येणारे पतंग हे कीटक पाहावेत. उबदार, दमट, वारा नसलेली आणि चंद्रप्रकाश नसलेली रात्र यासाठी उत्तम. तारीख ठरवतानाच अमावास्या पाहून ठेवावी. दिवा रात्रभर जळत ठेवू नये, नाहीतर पहाटे चादरीवर बसून राहिलेले पतंग पक्ष्यांच्या तोंडी पडतात.

पक्षीनिरीक्षणाची फेरी सूर्योदयानंतर लगेच काढावी, दहा-बारा जणांहून मोठा गट करू नये, आणि दुर्बिणी मोजक्या असल्या तर त्या आधी मुलांच्या हाती द्याव्यात. ओल्या मातीतल्या पाऊलखुणांचे प्लास्टरचे ठसे घेणेही मुलांना आवडते. त्यासाठी दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि एक भाग पाणी घ्यावे; मिश्रण घट्ट होताना तापते, म्हणून त्यात हात बुडवू देऊ नये.

पिंजऱ्यातले किंवा हातात धरून दाखवायचे वन्य प्राणी आणण्याचा मोह टाळावा. गर्दी जमते हे खरे, पण प्राण्याला त्याचा ताण होतो आणि मूल वन्य जीव हाताळायला शिकते, म्हणजे महोत्सवाने शिकवायचे त्याच्या नेमके उलटे.

प्रत्येक उपक्रमाजवळ दोन स्वयंसेवक असावेत: एक माहिती सांगणारा आणि एक रांग सांभाळणारा. पालकांनी मुलांसोबतच थांबायचे आहे, ही सूचना प्रवेशद्वाराशीच द्यावी. प्रथमोपचार, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि चाकाच्या खुर्चीला जाता येईल अशी एक तरी वाट ही व्यवस्था आदल्या दिवशी स्वतः तपासावी. खर्च भागवण्यासाठी साहित्य उसने मिळवावे. देणगीपेटी ठेवायची तर ती बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवावी. प्रवेशद्वाराशी ठेवलेली पेटी तिकीटखिडकीसारखी वाटते आणि ज्यांच्यासाठी प्रवेश मोफत ठेवला तेच संकोचून परततात.

दिवसभरात दिसलेल्या प्रजातींची यादी एका मोठ्या कागदावर सर्वांना भरू द्यावी. नंतर छायाचित्रांसह नोंदी आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर आणि पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकाव्यात, म्हणजे त्या अभ्यासकांच्याही उपयोगी पडतात. दुर्मीळ जीवाचे किंवा घरट्याचे नेमके ठिकाण मात्र त्या नोंदीत उघड करू नये, आणि छायाचित्रे टाकण्यापूर्वी मोबाईलने त्यात आपोआप नोंदवलेले स्थानही काढून टाकावे.