दोन्ही बाजूंचे युद्धगुन्हे: खटले वाचताना काय बघायचं

दुसऱ्या महायुद्धातली दोन हत्याकांडं घेऊ. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे लिहा बिस्कारी, उजवीकडे माल्मेडी. दोन्हीकडे मारले गेले ते शरण आलेले कैदी, दोन्ही खटले चालले ते अमेरिकी लष्करी न्यायालयांपुढे. फरक इतकाच, की एकीकडे आरोपी त्यांचे स्वतःचे होते, दुसरीकडे शत्रूचे, म्हणजे जर्मन. माझ्या वर्गातली मुलं लगेच कलमं शोधायला धावतात. मी सांगतो, कलमं नंतर. आधी शिक्षा काय झाली आणि माणूस बाहेर कधी आला, ते लिहा.

बिस्कारी, सिसिली, १४ जुलै १९४३. अमेरिकी सार्जंट वेस्ट कैद्यांना घेऊन मागे निघाला होता. वाटेत त्याने काही जणांना चौकशीसाठी बाजूला काढलं, आपल्याच एका सार्जंटकडून टॉमीगन (हातातली छोटी मशीनगन) मागून घेतली आणि उरलेल्यांवर चालवली. ३७ मेले. त्याच दिवशी कॅप्टन कॉम्प्टनने ३६ जणांना गोळ्या घालायला लावल्या. बचावाच्या मुद्द्यांवर इथे जरा रेंगाळा. त्यांचे सेनापती जनरल पॅटन यांच्या भाषणातून कैदी घेऊ नका असाच अर्थ घेतला, असं दोघांच्याही बाजूने मांडलं गेलं. तरी सार्जंटला जन्मठेप, कॅप्टन निर्दोष! हुद्द्याचा रकाना मी उगाच करायला लावत नाही. कॉम्प्टन त्याच नोव्हेंबरात लढाईत पडला. वेस्टच्या फिती गेल्या, पण १९४४ संपायच्या आत तो साधा शिपाई म्हणून पुन्हा सैन्यात होता.

आता उजवी बाजू. १७ डिसेंबर १९४४, बेल्जियममध्ये ८४ अमेरिकी कैदी मारले गेले. १९४६ साली जर्मनीतल्या डाखाउला ७३ जण दोषी ठरले, त्यांतल्या ४३ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. इथे निकालाआधी कबुलीजबाब कसे मिळाले ते तपासा: तुरुंगात खोट्या सुनावण्या घेतल्या होत्या, हे पुढे उघड झालं. ओरड थेट अमेरिकी सिनेटपर्यंत गेली. प्रत्यक्षात फाशी एकालाही दिली गेली नाही. मुख्य आरोपी, जर्मन अधिकारी पायपर, १९५६ च्या डिसेंबरात सुटला.

‘त्यांनीही केलंच की’ हा बचाव चालतो का, असं मुलं हमखास विचारतात. त्यासाठी युद्धानंतर जर्मन नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या निकालातलं जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झचं प्रकरण काढा. अमेरिकी ॲडमिरल निमिट्झने लेखी कळवलं होतं, की पॅसिफिकमध्ये आम्हीही बेधडक पाणबुडीयुद्ध केलं, म्हणजे इशारा न देता जहाजं बुडवली. न्यायालयाने डोनिट्झला पाणबुडीयुद्धाच्या नियमभंगातून सोडलं नाही. फक्त दहा वर्षांची शिक्षा ठरवताना तो भंग धरला नाही.