जनावरे, बायोगॅस आणि मासे: जीवनचक्र मूल्यमापन करताना या चुका टाळा

गोठ्यातले शेण-मूत्र बायोगॅसच्या टाकीत, टाकीतली स्लरी (पचून निघालेले पातळ शेण) मत्स्यतळ्यात आणि तळ्यातला गाळ चाऱ्याच्या शेतात. ही साखळी इतकी पटणारी आहे की तिचे पर्यावरणीय जीवनचक्र मूल्यमापन (एलसीए), म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या पर्यावरणीय परिणामांचा हिशेब, करणारा माणूस आकडे मांडण्याआधीच तिच्या बाजूचा झालेला असतो. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

गळती शून्य धरणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. १०० घनमीटर बायोगॅस घ्या. त्यात ६० टक्के मिथेन धरला तर तो साधारण ४३ किलो भरतो. त्यातला ५ टक्के निसटला, तर २.१५ किलो हवेत गेला. आयपीसीसी या हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सहाव्या अहवालात जैविक मिथेनचा १०० वर्षांचा तापमानवाढीचा गुणांक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) २७ आहे, म्हणजे ही गळती सुमारे ५८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी झाली. उरलेल्या गॅसने तितक्याच उष्णतेचा एलपीजी वाचवला, तर त्याच्या ज्वलनातून होणारे सुमारे १३० किलो उत्सर्जन टळते. जवळजवळ निम्मा फायदा गळतीनेच खाल्ला! २० वर्षांचा गुणांक, सुमारे ८०, लावला तर फायदा उरतच नाही.

म्हणून सांधे आणि झडपा तपासा, जास्तीचा गॅस न जाळता सोडून दिला जातो का ते विचारा. स्लरीच्या उघड्या कुंडाला तर हमखास विसरतात. थंडीत टाकीतले पचन मंदावते, अर्धवट पचलेले शेण बाहेर येते आणि उरलेला मिथेन त्या कुंडातून निघतो.

तुलना सोयीच्या स्थितीशी करणे

टाकी नसती तर शेणाचे काय झाले असते? पाणी घालून खड्ड्यात साठवले असते, तर भरपूर मिथेन झाला असता. कोरड्या ढिगात ठेवले असते, तर त्याहून बराच कमी. ‘टळलेले उत्सर्जन’ या एका उत्तरावर कितीतरी पट बदलते. त्या शेतावर खरोखर जे होत होते तेच धरा. जनावरांच्या पोटातून निघणारा मिथेन बायोगॅसमुळे कमी होत नाही. तो हिशेबात राहायलाच हवा.

एकाच नायट्रोजनचे श्रेय दोनदा घेणे

पचनात मिथेन निघून जातो, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळपास तेवढेच राहतात. स्लरी तळ्यात घातल्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माशांचे नैसर्गिक खाद्य) वाढते आणि माशांचे विकतचे खाद्य वाचते. हे श्रेय रास्त आहे. पण त्याच किलोभर नायट्रोजनसाठी ‘रासायनिक खत वाचले’ असेही लिहिले, तर हिशेब फुगतो. गाळातून शेतात पोचलेल्या नायट्रोजनलाच ते दुसरे श्रेय द्या.

शिवाय पचलेल्या स्लरीत अमोनियमचा वाटा जास्त असतो, त्यामुळे उघड्यावर अमोनिया उडतो. सामू (पाण्याचा pH) आणि तापमान वाढले की तळ्यात तो माशांना घातकही ठरतो. मासे मेले तर प्रति किलो माशांमागचा पर्यावरणीय भार वाढतो, आणि ही मर मूल्यमापनात क्वचितच दिसते.

तळ्याला निव्वळ ‘शोषक’ समजणे

तळाच्या गाळात ऑक्सिजन संपला की तिथेही मिथेन तयार होतो. तळे रिकामे करताना सोडलेले पाणी फॉस्फरस आणि नायट्रोजन घेऊन बाहेर जाते, म्हणून सुपोषणाचा (पोषकद्रव्ये वाढून पाण्यात शेवाळ माजण्याचा) निर्देशांक हवामानाच्या आकड्याइतकाच ठळक मांडा.

कार्यात्मक एकक आणि वाटणी

दूध किंवा मांस, गॅस, मासे अशी तीन उत्पादने असताना सगळा भार ‘१ किलो मासे’ या एकाच कार्यात्मक एककावर (ज्या मापामागे आकडे मांडतात त्यावर) टाकणे चूक, आणि जनावरांवर ढकलून मासे फुकट ठरवणेही चूक. आयएसओ १४०४४ या एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आधी प्रक्रिया वेगळ्या करा किंवा प्रणाली विस्तारा, म्हणजे सगळी उत्पादने हिशेबात एकत्र घ्या. ते जमले नाही तरच वस्तुमान, ऊर्जा अशा भौतिक संबंधाने वाटणी करा. किंमत शेवटी.

निकाल विचित्र आला तर

निव्वळ उत्सर्जनाचा आकडा शून्याखाली गेला, तर आधी दुहेरी श्रेय शोधा, मग गळतीचा रकाना पाहा. गॅस जास्त वाटला, तर टाकीत कमी झालेल्या सीओडीशी (सेंद्रिय पदार्थाचे ऑक्सिजनच्या मागणीतले माप) ताडून बघा: प्रति किलो सीओडी सुमारे ०.३५ घनमीटरपेक्षा जास्त मिथेन निघूच शकत नाही. नायट्रोजनचा ताळेबंदही मांडा. चाऱ्यातून आणि खाद्यातून आलेला नायट्रोजन दूध-मांस, मासे, गाळ, सोडलेले पाणी आणि हवा यांत मिळून सापडला पाहिजे. मोठी तूट दिसली, तर ती बहुधा हवेत गेलेल्या अमोनियाची असते.