लिबईव्हीचा सोर्स कोड आपल्या सी प्रोग्राममध्ये समाविष्ट करणे

लिबईव्ही ही इव्हेंट लूपची (म्हणजे घटनांची वाट पाहून त्या घडल्या की ठरलेले फंक्शन चालवणाऱ्या चक्राची) लायब्ररी सिस्टीमवर वेगळी इन्स्टॉल न करता तिचा सोर्स कोड आपल्याच प्रकल्पात ठेवता येतो, आणि छोट्या प्रोग्रामसाठी हाच मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

एकाच सी फाइलमध्ये 'ईव्ही_स्टँडअलोन' हा मॅक्रो 1 असा डिफाइन करून त्याखाली 'ईव्ही.सी' इन्क्लूड करावी. ईपोल, पोल, सिलेक्ट या घटनांची वाट पाहण्याच्या सिस्टीमच्या पद्धती; त्यांच्या फाइली शेजारी असल्या की 'ईव्ही.सी' त्या स्वतःच ओढून घेते, म्हणून त्या मेकफाइलमध्ये वेगळ्या लिहू नयेत. इतर फाइलींत तोच मॅक्रो देऊन केवळ 'ईव्ही.एच' घ्यावी.

खरी काळजी घ्यायची ती मॅक्रोंच्या एकवाक्यतेची. 'ईव्ही_कॉमन' हा मॅक्रो बदलल्यास वॉचरच्या (एखाद्या घटनेवर लक्ष ठेवणाऱ्या घटकाच्या) स्ट्रक्चरची रचनाच बदलते, आणि एखाद्या फाइलीत जुनी व्याख्या राहिली तरी लिंकर तक्रार करत नाही. म्हणून असे सर्व मॅक्रो एका सामायिक हेडरमध्ये ठेवून तोच सगळीकडे इन्क्लूड करावा.